एकट्याने धार लावायची सोय

बँडसॉचं पातं म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली पोलादी फीत. एका कडेला दात, दुसरी कड सपाट. वर एक चाक, खाली एक चाक आणि त्यांच्यावर ती ताणून बसवलेली. मोटर चालू केली की ती फिरायला लागते आणि तुम्ही पुढे सरकवलेलं लाकूड वळणावळणाने कापत जाते. साध्या करवतीला सुरुवात आणि शेवट असतो, हिला नसतो. म्हणून धार लावायला बसताना एका दातावर खडूने खूण करायची आणि पुन्हा तीच खूण समोर आली की थांबायचं. खूण करायला विसरलात तर त्याच फेऱ्यात कितीही वेळ बसून राहता येतं. नव्वदच्या दशकात बंगलोरला असताना माझे बरेच रविवार असे खुणेपासून खुणेपर्यंत गेले.

मी यशवंतपूरच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो आणि बसवनगुडीत एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. खोल्यांना लागून पत्र्याची शेड होती. घरमालकांची मोटार तिथे उभी असायची. मालक वारले, मोटार विकली गेली आणि मालकीणबाईंनी शेड मला वापरायला दिली. त्यांना मी अक्का म्हणायचो. बँडसॉ आमच्याच कारखान्याच्या भंगारातून आलेला. ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा विभाग बंद झाला, तिथली यंत्रं लिलावात निघाली आणि या एका यंत्राला कोणी बोली लावेना, तेव्हा मी लावली. ते टेंपोतून उतरवताना पाहून अक्कांनी विचारलं, पिठाची चक्की घालताय का. नाही म्हटल्यावर त्या जराशा खट्टू झाल्या. लाकूड कापायचं यंत्र घरी कशाला हवं, हे त्यांना कधीच पटलं नाही, आणि मला ते नीट सांगताही आलं नाही. माझं कन्नड ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ या दोन शब्दांवर चालत असे. म्हणजे थोडं आणि ठीक. त्या दोन शब्दांत बंगलोरला माणसाचं बरंच निभतं.

बायको सोलापूरला होती. लग्नानंतर काही वर्षं मीही तिथेच होतो, एका कापडगिरणीच्या वर्कशॉपमध्ये. गिरणी बंद पडली आणि मला बंगलोरची नोकरी मिळाली. ती बँकेत होती, आणि बँक काही बंद पडत नव्हती. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे ‘मुलांच्या शिक्षणासाठी वेगळे राहतो’ ही समाजमान्य सबब आमच्या वाट्याला आली नाही. कोणी विचारलं की आम्ही दोघंही ‘सध्यापुरतं’ असं सांगायचो. हा शब्द वर्षानुवर्षं टिकला. चांगल्या सागवानालाही मी इतकं टिकताना पाहिलेलं नाही.

एका वर्षी पावसाळ्यात, रविवारी सकाळी तिचा फोन आला. फोन अक्कांच्या घरी होता. मी बोलत असताना त्या समोर शेंगा निवडत बसायच्या. मराठीतलं एक अक्षर त्यांना कळत नसे, पण माझ्या चेहऱ्यावरून त्या बरंच वाचत असाव्यात. बायकोने सांगितलं की बँकेने तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या आहेत. नवरा परराज्यात असल्यामुळे अर्ज केला तर बंगलोरला बदली मिळेल, जयनगरच्या शाखेत. नाहीतर बढती मिळेल, बार्शीच्या शाखेत मॅनेजर म्हणून. दोन्ही मिळणार नाही, आणि काय ते दिवाळीनंतर कळवायचं आहे. मी विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, दिवाळीला येते, घर नीट बघते, मग ठरवते. आजवर पाहुणीसारखी आले, या वेळी राहायला आल्यासारखी येते.

फोन ठेवल्यावर अक्कांनी विचारलं, “मिसेस यावाग बर्तारे?” मिसेस कधी येणार, हा त्यांचा नेहमीचाच प्रश्न. मी म्हणालो, दिवाळी. पुढचं सांगण्याइतके शब्द माझ्याकडे नव्हते.

घर बघते म्हटल्यावर मी कारखान्यातल्या माणसासारखा विचार केला. पाहणी होणार, तर तयारी हवी. आणि तयारीच्या बाबतीत मला काळजी करण्यासारखं फारसं दिसत नव्हतं, कारण त्या घरातली बहुतेक प्रत्येक वस्तू मी माझ्या हाताने केलेली होती. भिंतीला दुमडून लावता येणारं जेवायचं टेबल होतं. त्यावर एक ताट, एक वाटी आणि पेला बरोबर मावायचा. पलीकडे पुस्तक उभं राहावं म्हणून एक तिरकी फळी बसवलेली होती आणि पानं उडू नयेत म्हणून तिला दोन पितळी आकडे. ओट्याशेजारी बरण्यांची झाकणं एका हाताने उघडता यावीत म्हणून खाच असलेला ठोकळा होता. दाढीच्या आरशाला उजेडाप्रमाणे फिरणारा हात होता. चहा, साखर, मीठ, तिखट, सगळ्यांना आपापल्या मापाचे कप्पे होते. डोळे मिटून चहा करता आला असता, आणि वीज गेल्यावर कितीदा तसा केलाही होता.

कमी होती ती एका खुर्चीची. घरात एकच होती, मीच केलेली, पाठीला बाक दिलेली. तिची जोडीदार करायची असं मी ठरवलं. आमच्या गल्लीत एक जुना बंगला पाडून तिथे फ्लॅट उठत होते. त्याच्या दारांच्या चौकटी मी उचलून आणल्या. सागवान असं की पूर्वीच्या माणसांबद्दल उगीचच आदर वाटावा. पण त्या पूर्वीच्याच कोणीतरी त्यात एक खिळा ठोकून, त्याचं डोकं मोडून, वर रंगाऱ्याची लांबी भरून ठेवली होती. खुर्चीचा मागचा पाय कापताना पातं त्याच्यावर गेलं. ठिणगी उडाली, आवाज बदलला आणि काम थांबलं.

बोथट पातं कापत नाही, घासतं. लाकूड जळल्याचा वास येतो आणि कापायच्या रेषेवर काळा ओरखडा उमटतो. धार लावायची म्हणजे पातं यंत्रावरून उतरवायचं, त्याचे थोडे थोडे दात व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट धरायचे आणि तिकोनी कानशीने एकेक दात घासायचा. प्रत्येक दाताला सारखाच जोर, सारखेच हात. कानस पुढे जाताना घासते, मागे येताना ती उचलून घ्यायची. दात एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे. उजव्या हाताच्या माणसाचा जोर नकळत एका बाजूवर जास्त पडतो. तसं झालं की पातं कापताना त्या बाजूला ओढतं, आणि मग रेषेवर कितीही डोळे रोखले तरी लाकूड तिरकंच निघतं. हे सगळं जमतं, सवयीने. न जमण्यासारखं एकच असतं. व्हाइसमध्ये हातभर पातं असतं आणि उरलेला मोठा वेढा बाहेर लोंबत असतो. तो हलतो, थरथरतो, कानशीला धक्के देतो. तो कोणीतरी धरावा लागतो आणि दर दातानंतर पुढे सरकवावा लागतो. काम दोघांचं आहे.

यंत्र आणलं त्या वर्षीच्या दिवाळीत तो वेढा बायकोने धरला होता. पालथ्या बादलीवर बसून, दोन्ही हातांत जुनी फडकी घेऊन, शिवणयंत्राखाली कापड सरकवावं तशी ती पातं सरकवत होती. दात झाला की मी थांबायचो, ती पुढे ओढायची आणि ‘हं’ म्हणायची. ‘हं’ आलं की मी पुढचा दात घ्यायचो. मध्येच ती म्हणाली होती, “बाकीचे नवरे परगावी एकटे राहिले की पितात म्हणे. तुमचं त्यापेक्षा खर्चिक दिसतंय.”

ती परत गेली आणि पातं महिन्याभरात पुन्हा बोथट झालं. आता धार लावायला पुढची दिवाळी यायची वाट बघणं काही बरं नव्हतं. मी सायकलची दोन जुनी चाकं शेडच्या भिंतीला बसवली आणि वेढा त्यांच्यावर टाकला. शिवणयंत्राचा एक मोडका पायटा आणून तो व्हाइसला आणि एका आकड्याला जोडला. पाय दाबला की व्हाइस सैल होई, आकडा पात्याला बरोबर एक दात पुढे ओढी आणि पाय उचलला की सगळं पुन्हा घट्ट. हे जुळवायला मला बरेच महिने लागले. कारखान्यात आम्ही लाखोंची यंत्रं करत होतो, पण एवढा आनंद मला तिथे कधी झाला नाही. सांगायला मात्र कोणी नव्हतं. अक्कांना दाखवलं, तर त्यांनी पायट्याकडे बोट करून विचारलं की याने ब्लाउजही शिवता येतात का.

तर आता फक्त धार लावायची आणि खुर्ची पुरी करायची, एवढंच उरलं होतं. पण तेवढ्यात नवरात्र आलं. आपल्याकडे खंडेनवमी, तिथे आयुधपूजा. बंगलोरमध्ये त्या दिवशी बसपासून टायपरायटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. अक्कांनी माझ्या बँडसॉच्या चाकाला झेंडूचा हार घातला, मोटरवर कुंकवाचे पट्टे ओढले आणि पूजा उतरेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही असं बजावलं. माझा देवावर विश्वास नव्हता, पण अक्कांवर होता. त्यानंतर कारखान्यात गुणवत्ता सप्ताह निघाला. फाटकापासून संडासापर्यंत घोषणांचे फलक लागले. बाहेरगावाहून आलेल्या साहेबांनी फीत कापायला घेतली तर कात्री बोथट. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मग फीत हातानेच ओढून तोडली. टाळ्या झाल्या. नंतर ते अचूकतेवर भरपूर वेळ बोलले. त्या सगळ्या धामधुमीत रविवारीही कामावर जावं लागलं. दिवाळीच्या तोंडावर बायको स्टेशनवर उतरली तेव्हा खुर्ची तुकड्यांत होती आणि पातं तसंच बोथट, खिळ्याला लटकलेलं.

पहिल्या सकाळी तिने खरंच घर बघितलं. कप्पे उघडले, आरसा फिरवला, ठोकळ्यात अडकवून बरणीचं झाकण उघडलं. मी मागे उभा राहून एकेकाची माहिती देत होतो. गुणवत्ता सप्ताहात साहेबांच्या मागे आमचे मॅनेजर उभे राहायचे, तसाच. टेबल उघडून मी पुस्तकाची फळी दाखवली. ती हसली. म्हणाली, “आणि मी कुठे बसायचं? पुस्तकाच्या जागी?”

मी खुर्ची करायला घेतली आहे असं सांगितलं. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात प्लास्टिकच्या मिळतात की. तेव्हा त्या खुर्च्या नुकत्याच सगळीकडे पसरायला लागल्या होत्या, लग्नात, दवाखान्यात, मंदिरात. त्यांच्याबद्दलचं माझं मत मी तिला सविस्तर सांगितलं. सांगून होईपर्यंत अक्का स्वतः एक निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात ठेवून गेल्या. बायको तिच्यावर बसून जेवली, ताट मांडीवर घेऊन.

पुढचे दिवस चांगले गेले, असंच मला तेव्हा वाटत होतं. ती आणि अक्का दोघी गांधी बाजारात जाऊन फुलं आणि अवरेकाळूच्या, म्हणजे तिथल्या पावट्याच्या, शेंगा घेऊन येत. एकमेकींची भाषा न येता त्या तासन् तास बोलत, आणि मला एक पुरी आणि दुसरी दोन शब्दांपुरती येत असून मध्ये पडावंसं वाटत नसे. अक्का तिला सारख्या म्हणायच्या, “इल्ले बंदुबिडि.” इथेच येऊन टाका. बायको मान डोलवायची, सरी म्हणायची.

घरात मात्र तिला काहीतरी करायचं असे आणि ते होत नसे. चहाचा डबा तिने खालच्या कप्प्यात ठेवला, तिच्या हाताला येईल असा. संध्याकाळी मी तो वर ठेवला, सवयीने, माझ्या लक्षातही न येता. दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा खाली ठेवला आणि मी पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी तो वरच राहिला. ती चवड्यांवर उभी राहून घ्यायला लागली. हे सगळं मला नंतर आठवलं. त्या वेळी मी फक्त बघितलं होतं.

मंडळाची दिवाळी पहाटही आम्ही केली. बंगलोरच्या मराठी मंडळात तेव्हा नवी पिढी यायला लागली होती, पुण्या-मुंबईची, सॉफ्टवेअरमधली, अर्ध्या वाक्यानंतर इंग्रजीत जाणारी. जुने लोक नव्यांकडे बघून ‘आपली संस्कृती’ म्हणायचे आणि नवे जुन्यांकडे बघून घड्याळ बघायचे. शाल-श्रीफळ देण्यात पहाट उलटली. गाण्यांसाठी उरलेल्या वेळात अध्यक्षांनी भाषण केलं. परमुलखात मराठी माणूस एकटा नाही, हे मंडळ त्याचं घर आहे, असा त्याचा आशय होता. कार्यक्रम संपला, स्कूटर चालू झाल्या आणि पाच-दहा मिनिटांत हॉलच्या आवारात आम्ही दोघं आणि सतरंज्या गोळा करणारा माणूस एवढेच उरलो. बायको म्हणाली, दर वर्षी येता का तुम्ही. मी म्हणालो, येतो, फराळ चांगला असतो. ती रिक्षा बघायला लागली.

पाडव्याला तिने ओवाळलं. ओवाळणीत द्यायला खुर्ची नव्हती म्हणून मी तिला शेडमध्ये नेऊन तुकडे दाखवले. पाठीच्या दोन फळ्या, पुढचे पाय, एक मागचा पाय आणि दुसऱ्या मागच्या पायावर तो काळा ओरखडा. पात्याला धार नाही, असं सांगितलं. मग लावा की, ती म्हणाली. उद्या लावू.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. त्या वर्षी ती बरीच जायची, पण धार लावायला विजेची गरज नसते. शेडचं दार उघडं टाकून उजेड घेतला. मी पातं सायकलच्या चाकांवर चढवलं आणि स्टुलावर बसलो. पाय दाबला, दात पुढे आला, कानस फिरवली. पाय दाबला, पुढचा दात. ती दारात उभी राहून बघत होती. हे यंत्र तिने पाहिलं नव्हतं. मधल्या दिवाळ्यांत ती इतके थोडे दिवस राहायची की शेडमध्ये यायची वेळच आली नव्हती. मी तिला आकडा दाखवला, पायट्याचा जोड दाखवला, व्हाइस कसा आपोआप सुटतो ते दाखवलं. माझ्या आवाजात बहुधा गुणवत्ता सप्ताहच होता.

“काढा ते,” ती म्हणाली. “मी धरते.”

“गरज नाही,” मी म्हणालो. “एकट्याने होतं आता.”

“ते दिसतंय,” ती म्हणाली.

मग पुन्हा म्हणाली की तिला धरायचं आहे. तेव्हा मी पातं चाकांवरून उतरवलं आणि नुसतं व्हाइसमध्ये धरलं. ती पालथ्या बादलीवर बसली, फडकी घेतली, वेढा हातात घेतला. आम्ही सुरुवात केली. तिचा हात मधल्या वर्षांत काही विसरलेला नव्हता. मी कानस उचलली की पातं पुढे यायचं, ना कमी ना जास्त. ‘हं’ ती म्हणत नव्हती, पण त्याची जागा रिकामी असायची आणि मी त्या जागेपुरता थांबायचो. बाहेर मधूनच लहान मुलांचे उरलेसुरले फटाके वाजत होते.

निम्मी फीत झाली असेल तेव्हा ती म्हणाली, “मी बार्शीला हो म्हणते.”

माझी कानस दातावर होती. तो दात मी पुरा केला. मग विचारलं, हे सोलापूरहून निघतानाच ठरवलं होतंस का.

“नाही,” ती म्हणाली. “येताना बंगलोरच धरून आले होते. दोन साड्या जास्तीच्या आणल्या, इथेच ठेवून जायच्या म्हणून.”

“मग?”

“आल्यापासून मी माझी जागा शोधतेय. वाईट वाटून घेऊ नका. स्वयंपाकघरात गेले तर तिथे तुम्ही काहीतरी लावून ठेवलेलं. कपाट उघडलं तर तिथे. इथे धरेन म्हटलं तर इथेही. या घरात काही अडलेलंच नाही हो.”

तिचा आवाज साधा होता. बँकेत एखाद्याचं कर्ज का मंजूर होत नाही ते ती समजावून सांगत असेल तेव्हा तो असाच असावा. मी विचार करत होतो, आणि विचार करताना माझं डोकं जिकडे जायचं तिकडेच गेलं. मी म्हणालो, “टेबलाला दोन बिजागऱ्या लावल्या की ते रुंद होतं. खुर्ची तर करतोच आहे.”

“हेच,” ती म्हणाली. “मी काय सांगतेय, आणि तुम्ही बिजागऱ्या सांगताय.” आणि ती हसली, खरंच हसली, त्यामुळे मलाही हसावं लागलं. मग तिने बार्शीच्या शाखेची माहिती दिली. तिथल्या दोन कारकुनांचं आपसांत बोलणं बंद आहे, आधीचा मॅनेजर आजारपणाची रजा टाकून बसलाय, छप्पर गळतंय. “तिथे सगळंच अडलंय,” ती म्हणाली. ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो उत्साह होता तो चार दिवसांत माझ्या घरात कुठे दिसला नव्हता.

पातं आमच्या दोघांच्या मध्ये होतं. तिच्या हातांत वेढा, माझ्यासमोर व्हाइस. मी म्हणालो, “हे सगळं तू नव्हतीस म्हणून केलंय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पण झालं ना करून.”

मी ते घर मोडून टाकतो असं म्हणालो असतो, तर ती आणखी हसली असती, आणि म्हटल्याप्रमाणे मी ते मोडलंही असतं, मोडायची एखादी सोयीस्कर युक्ती काढून. मी पुढचा दात घेतला. तिने पातं सरकवलं. असे आणखी थोडे दात झाले असतील. मग अक्कांनी कुंपणापलीकडून हाक मारली, कॉफी झाली होती. तिने वेढा हळूच जमिनीवर टेकवला, फडकी बादलीवर ठेवली आणि हात धुवायला गेली.

तिची गाडी दुसऱ्या दिवशी होती. दोन्ही साड्या बॅगेत परत गेल्या. ती भरत असताना मी त्या पाहिल्या, एक हिरवी आणि एक मळकट पिवळी. दोन्ही घरात नेसायच्या, धुऊन मऊ झालेल्या. पाहुणी म्हणून येणारी बाई तसल्या साड्या आणत नाही. अक्का रडल्या. बायकोने त्यांना काय सांगितलं आणि कुठल्या भाषेत, मला कळलं नाही.

स्टेशनवर गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो आणि नवरा-बायको स्टेशनवर बोलतात ते बोललो. पाण्याची बाटली, खिडकी, पोचल्यावर फोन. गाडी लागल्यावर ती आत जाऊन बसली, आणि खिडकीच्या गजांतून म्हणाली, “बार्शीच्या घरात काहीच नसेल. या तिकडे. येताना हत्यारं आणा.”

मी येईन म्हणालो. तिने मान हलवली. ती हे मनापासून म्हणाली होती, यात मला शंका नाही. मीही गेलो, पुढच्या काही वर्षांत कितीदा तरी गेलो. तिने ती शाखा उभी केली, मग आणखी दोन केल्या. निवृत्तीपर्यंत आम्ही दोघंही आपापल्या गावात राहिलो, आणि कोणी विचारलं तर सध्यापुरतं म्हणणं कधीतरी बंद झालं. लोकांनीच विचारणं सोडलं होतं.

पण ती गेली त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. पातं व्हाइसमध्ये तसंच होतं, उरलेला वेढा जमिनीवर. मी तो उचलून सायकलच्या चाकांवर टाकला, स्टुलावर बसलो आणि उरलेले दात घासले. यंत्र उत्तम चाललं. कुठे अडलं नाही. काम संपलं तेव्हा वीज आलेली होती, म्हणून मी पातं लगेच बँडसॉवर चढवलं, ताण दिला आणि तो अर्धवट मागचा पाय लावून बघितला.

मी आवाज ऐकत होतो. निम्मे दात दोघांनी घासलेले, निम्मे एकट्याने. कुठेतरी फरक पडेल असं मला वाटत होतं, दर फेऱ्यात एकदा आवाज बदलेल, लाकूड जरा ओढेल. काही झालं नाही. पातं सरळ गेलं, वळणावर वळलं, भुसा सारखा पडत राहिला. खुर्चीचा पाय रेषेवर बरोबर निघाला. मी मोटर बंद केली. बंद केल्यावरही ती जड चाकं बराच वेळ फिरत राहतात. ती थांबेपर्यंत मी तिथे उभा राहिलो, मग दिवा मालवून आत गेलो.